त्याग बघायचा कसा: आरोनियन–आनंद, २०१३ हा डाव पटावर उलगडताना

बुद्धिबळात ग्रँडमास्टरांच्या डावातला गाजलेला त्याग, म्हणजे हल्ल्यासाठी मुद्दाम दिलेला मोहरा, आपण बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने बघतो. मोबाइलवर कुणीतरी दुवा पाठवतं, बोटाने भराभर चाली पुढे ढकलल्या जातात, शेजारची इंजिनची, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामची, पट्टी खाली-वर होते आणि दोन मिनिटांत ‘काय भारी खेळला’ म्हणून विषय संपतो. हत्ती का दिला, घोडा मारला जात असताना भलताच मोहरा का हलवला, हे विचारलं तर उत्तर येत नाही. डाव बघितलेला असतो, पण समजलेला नसतो.

खाली एकच डाव घेऊन तो नीट कसा बघायचा ते सांगितलं आहे. डाव आहे लेव्हॉन आरोनियन विरुद्ध विश्वनाथन आनंद, १५ जानेवारी २०१३, नेदरलँड्समधल्या वाइक आन झी गावची टाटा स्टील स्पर्धा. आनंद तेव्हा विश्वविजेता होता आणि या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. डाव फक्त २३ चालींचा आहे, म्हणून शिकायला सोयीचा. आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक मात सामान्य खेळाडूला स्वतः मोजता येते, म्हणून त्याहूनही सोयीचा.

आधी तयारी

खरा पट घ्या. स्पर्धेच्या मापाचा गुंडाळता येणारा पट, म्हणजे घराची बाजू साडेपाच ते सहा सेंटिमीटर आणि राजाची उंची साधारण साडेनऊ सेंटिमीटर, हा सगळ्यात चांगला. अशा पटावर लांब कर्ण डोळ्याला सरळ दिसतात, आणि या डावाचा जीव लांब कर्णांतच आहे. गुंडाळून ठेवलेला पट उलट्या बाजूने गुंडाळून दहा मिनिटं ठेवला की कोपरे वर येत नाहीत. छोटा चुंबकी पट प्रवासाला ठीक. ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर पाऊण तासाहून जास्त वेळ हातात असतो, पण तिथे पहिल्यांदा डाव बघू नका. तो वेळ दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

पटाशिवाय एक वही, पेन्सिल आणि चाली झाकायला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा लागतो. पुठ्ठा सगळ्यात महत्त्वाचा. पुढची चाल डोळ्याला दिसली की मेंदू विचार थांबवतो आणि ‘हो, हेच सुचलं होतं’ असं स्वतःला समजावतो. इंजिन बंद. वेळ नव्वद मिनिटं. दोघं असाल तर उत्तम: एकाने पांढऱ्याची बाजू जीव तोडून वाचवायची, दुसऱ्याने काळ्याची चाल शोधायची. बचाव करणारा जितका हट्टी, तितका डाव जास्त उमगतो.

डावाच्या चाली अशा. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. नुसतं घर लिहिलं असेल तर प्याद्याची चाल. × म्हणजे मारणं. कंसात अक्षर असेल तर त्या पट्टीवरचा, म्हणजे उभ्या रांगेतला, मोहरा.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घो(बी)-डी७ ६. उं-डी३ डी×सी४ ७. उं×सी४ बी५ ८. उं-डी३ उं-डी६ ९. दोघांचा राजाच्या बाजूला किल्लेकोट १०. व-सी२ उं-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उं-सी५ १६. उं-ई२ घो(डी)-ई५ १७. उं×जी४ उं×डी४ शह १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उं-ई३, पांढऱ्याने डाव सोडला.

चाली वाचून झाल्या असतील तरी पुठ्ठा लावाच. काय खेळलं ते कळलं. का खेळलं ते अजून शोधायचं आहे.

पहिल्या बारा चाली: भराभर, पण दोन गोष्टी टिपून

ही सेमी-स्लाव्ह बचावाची मेरान पद्धत, म्हणजे डाव सुरू करण्याची एक ठरलेली रीत. सुरुवातीचं शास्त्र शिकत बसू नका, बारा चाली दोन मिनिटांत लावून टाका आणि पट तपासा. पांढरा: राजा जी१, वजीर सी२, हत्ती ए१ आणि एफ१, उंट सी१ आणि डी३, घोडे सी३ आणि जी५, प्यादी ए३, बी२, डी४, ई३, एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर डी८, हत्ती सी८ आणि एफ८, उंट बी७ आणि डी६, घोडे डी७ आणि एफ६, प्यादी ए७, बी५, सी५, ई६, एफ७, जी७, एच७. एखादा मोहरा चुकीच्या घरात राहिला की पुढचा सगळा हिशोब फसतो. सर्वांत जास्त गडबड पाचव्या चालीला होते, कारण डी७ वर बी८ चा घोडा जायचा असतो आणि लोक एफ६ चा नेतात.

वहीत दोन नोंदी करा. एक: बाराव्या चालीत पांढऱ्याचा घोडा एफ३ सोडून जी५ वर गेला. दोन: त्याच चालीत काळ्याचं प्यादं सी६ वरून सी५ वर सरकलं. आता बी७ च्या उंटावर बोट ठेवा आणि कर्णाने खाली या: सी६, डी५, ई४, एफ३, जी२. वाटेत कुणी नाही. एका चालीपूर्वी या वाटेवर दोन अडथळे होते. हा उंट पुढे शेवटपर्यंत जागचा हलत नाही, एकही मोहरा मारत नाही, आणि तरी डाव त्यानेच जिंकला असं म्हणता येईल.

चार प्रश्न

इथून पुढे काळ्याच्या प्रत्येक चालीआधी पुठ्ठा लावून चार प्रश्न विचारायचे. पांढऱ्या राजाला जायला कोणती घरं आहेत? त्याच्या रक्षकांपैकी कोण बांधलेला आहे, म्हणजे दिसतो पण हलू शकत नाही? हल्ल्यावर काळ्याचे किती मोहरे आहेत आणि बचावाला पांढऱ्याचे किती? आणि पांढऱ्याची पुढची धमकी काय? चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. हल्ला करणाऱ्यालाही मात होऊ शकते, आणि या डावात ती शक्यता दोन-तीनदा अगदी जवळ येते.

मोहऱ्यांचे गुण मोजायचा प्रश्न यात मुद्दाम नाही. वजीर नऊ, हत्ती पाच, उंट-घोडा तीन हा हिशोब शेवटी करू. आधीच केला तर ‘एवढं दिलं, आता मिळालं काय’ या वाण्याच्या हिशोबात डोकं अडकतं आणि राजाकडे लक्ष राहत नाही.

१३ वी चाल: मार खाल्लेला घोडा पुढे उडी मारतो

पांढरा घोडा एच७ चं प्यादं मारतो. आता तो एफ८ च्या हत्तीवर आणि एफ६ च्या घोड्यावर एकदम आहे. काळ्याने एफ६ च्या घोड्याने तो मारला तर पांढरा उंट एच७ घेऊन शह देतो, एक प्यादं गेलं आणि काळ्याचा राजा उघडा पडला.

आनंद घोडा जी४ वर टाकतो आणि हत्ती तसाच सोडून देतो. आता खरी मेहनत करा: पांढऱ्याने हत्ती मारला तर? १४. घो×एफ८ उं×एच२ शह १५. रा-एच१ व-एच४ हे पटावर लावा. धमकी आहे उंट जी३ वर सरकवण्याची. मागून वजिराचा उघडा शह बसतो, राजा जी१ वर येतो आणि वजीर एच२ वर मात करतो. पांढऱ्याचा सी२ वरचा वजीर धावून येऊ शकत नाही, कारण एफ२ वर त्याचंच प्यादं आडवं आहे.

इथे नवशिका हमखास म्हणतो, ‘मग जी२ चं प्यादं जी३ वर ढकलू.’ ढकलून बघा. ढकलता येत नाही. राजा एच१ वर, प्यादं जी२ वर आणि कर्णाच्या दुसऱ्या टोकाला बी७ चा उंट: प्यादं हललं की राजाला शह लागतो. चाल नियमानेच बंद. वाचायचं तर एफ१ चा हत्ती हलवून राजाला वाट करून द्यावी लागते, आणि बाहेर पडलेला तो राजा पटाच्या मध्यात काळ्याच्या वजिरासमोर उघडा फिरतो.

म्हणजे पहिलं सूत्र मिळालं: पांढरा राजा एच१ वर गेला की जी२ चं प्यादं बांधलं जातं. वहीत मोठ्या अक्षरांत लिहा. पुढचे सगळे बेत याच एका खुंटीला टांगले आहेत.

१४ आणि १५: एक दार लावलं, दुसरं उघडलं

आरोनियनने हे सगळं बघितलं होतं. म्हणून त्याने हत्ती न मारता एफ४ खेळून डी६ ते एच२ हा कर्ण बुजवला. चाल चांगल्या खेळाडूची आहे. पण प्यादी मागे येत नाहीत. एफ२ सोडलं की सोडलं. आता ए७ ते जी१ या कर्णाकडे बघा: सी५, डी४, ई३, एफ२, जी१. एफ२ रिकामं झालं. वाटेत ई३ चं प्यादं उरलं आहे. काळा डी४ घेतो, ई३ चं प्यादं डी४ वर ओढलं जातं, आणि ई३ ही रिकामं. मग काळा उंट डी६ वरून सी५ वर येतो आणि राजाच्या नव्या दारात उभा राहतो.

सी५ चा उंट डी४ च्या प्याद्याला फुकट मिळतोय. घेतला तर डी७ चा घोडा सी५ वर परत घेतो आणि एका दमात दोन कामं होतात: डी३ च्या उंटावर घोडा आणि मागून डी८ चा वजीर असे दोन मारे बसतात, शिवाय वजिराची डी४ वर शह देण्याची धमकी उभी राहते. पांढऱ्याकडे चाल एक, दुखणी दोन.

हल्ला म्हणजे शहांची माळ, असा समज असेल तर इथे तो काढून टाका. आनंदने तेराव्या चालीपासून आतापर्यंत एकही शह दिलेला नाही.

१६ वी चाल: इथे अर्धा तास द्या

पांढरा उंट ई२ वर येऊन जी४ च्या घोड्याला हुसकावतो. पट गोठवा. पुठ्ठा लावा. काळ्याची चाल शोधायला निदान पंधरा मिनिटं स्वतःला द्या, कारण अशी चाल वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी दिसते.

आनंद डी७ चा घोडा ई५ वर ठेवतो. आता मोजा, पांढऱ्याला काय काय मारता येईल. एफ८ चा हत्ती एच७ च्या घोड्याला. सी५ चा उंट डी४ च्या प्याद्याला. जी४ चा घोडा ई२ च्या उंटाला. ई५ चा घोडा एफ४ च्या प्याद्याला. चार मोहरे मारात आहेत आणि चाल पांढऱ्याची आहे. ई५ चा घोडा डी४ च्या प्याद्यालाही मारता येईल असं वाटतं, पण ते प्यादं सी५ च्या उंटाने राजापुढे बांधलं आहे. उंटालाच मारायचं असेल तर ते हलू शकतं, एरवी नाही. हे स्वतः हेरलंत तर डाव पकडला म्हणायचं.

चाल का चालते ते दोन शाखांत दिसतं. दोन्ही पटावर हाताने खेळा, मनातल्या मनात नको.

पहिली: १७. एफ×ई५. काळा वजीर डी४ चं प्यादं शहासकट घेतो, राजा एच१ वर. आता काळा वजीर जी१ वर जातो आणि शह देतो! राजाने मारायचा तर सी५ च्या उंटाचा मारा ई३, एफ२ वरून जी१ पर्यंत पोचतो. म्हणून हत्तीनेच मारावा लागतो. हत्ती जी१ वर गेला की राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत चिणला गेला, आणि जी४ चा घोडा एफ२ वर येऊन मात करतो. स्मदर्ड मेट, राजाला त्याच्याच माणसांत कोंडून केलेली मात.

इथे थांबून विचारा: सी२ चा वजीर एफ२ चा घोडा का मारत नाही? दुसऱ्या ओळीत डी२, ई२, एफ२ अशी त्याची वाट होती. पण ई२ वर आत्ताच उंट आला आहे. पांढऱ्याने घोड्याला हुसकावायला जो उंट आणला, त्यानेच स्वतःच्या वजिराचा रस्ता अडवला. आनंदची चाल नेमकी या क्षणी का, याचं उत्तर हे आहे. एक चाल आधी, उंट डी३ वर असताना, ही मात नव्हती.

दुसरी: १७. डी×सी५. वजीर डी४ वर येऊन शह देतो, राजा एच१. मग घोडा एफ२ शह. राजा जी१ वर परत आला तर घोडा एच३ वर दुहेरी शह देतो. घोडा आणि वजीर दोघांचा शह, म्हणून जी२ चं प्यादं घोड्याला मारू शकत नाही. राजा पुन्हा एच१, वजीर जी१ शह, हत्तीने मारणं भाग, घोडा एफ२ वर परत येतो आणि मात. म्हणून पांढऱ्याला एफ२ च्या घोड्यावर हत्ती खर्चावा लागतो, आणि तिथे काळा वजीर येऊन बसतो. त्यानंतर बी७ चा उंट आणि वजीर मिळून जी२ वर मात टांगतात.

या दोन शाखा हाताने तीन-तीनदा खेळल्याशिवाय पुढे जाऊ नका. डावात या मात प्रत्यक्ष झाल्या नाहीत, आणि म्हणूनच प्रेक्षक त्या बघत नाहीत. पण आरोनियनचं पुढचं प्रत्येक पाऊल याच न झालेल्या मातांनी ठरवलं आहे. गाजलेल्या डावातला सगळ्यात सुंदर भाग अनेकदा असा चालींच्या यादीबाहेर राहतो.

यातला बराच भाग आनंदची घरची तयारी होती. काही जणांना हे कळल्यावर डावाची किंमत कमी वाटते. ती वाटू नये. घरी बसून शोधलेली कल्पनाही माणसानेच शोधलेली असते, आणि पटावर, घड्याळ चालू असताना, चार मोहरे मारात ठेवून प्रतिस्पर्ध्याकडे बघत बसायला लागतं ते धैर्य तयारीतून आपोआप येत नाही.

१७ ते १९: शह कशासाठी दिला

पांढरा उंटाने जी४ चा घोडा मारतो. बरोबर उत्तर, ई२ मोकळं झालं, वजिराला दुसरी ओळ परत मिळाली, एफ२ वरच्या मात संपल्या. काळा उंट डी४ घेतो आणि शह देतो. हल्ल्यातला हा पहिला शह. प्यादं मिळालं म्हणून दिलेला नाही. राजाला एच१ वर जायला लावण्यासाठी दिला आहे. वहीतली मोठ्या अक्षरांतली ओळ वाचा: राजा एच१ वर, जी२ बांधलं. शिवाय डी४ चा उंट जी१ वर नजर ठेवून असल्यामुळे राजाला परत यायलाही जागा नाही. मग ई५ चा घोडा जी४ घेतो.

आता चौथा प्रश्न. पांढरा घोडा शेवटी हत्ती मारतो, एफ८ वर. काळ्याने राजाने तो परत मारायचा? बहुतेक जण हात पुढे करतात. पण सी२ पासून एच७ पर्यंतचा कर्ण मोकळा आहे. पांढरा वजीर एच७ वर येऊन एच८ वर शह द्यायला तयार बसेल. म्हणून आनंद हत्तीची भरपाई न घेता एफ५ असं साधं प्यादं ढकलतो. कर्ण बंद, जी४ च्या घोड्याला आधार, आणि एफ८ चा घोडा कुठे पळत नाही. मारायला समोर असलेला मोहरा न मारणं हे मोठ्या हल्ल्यात वारंवार दिसतं, आणि क्लबातले अर्धे हल्ले नेमके याच ठिकाणी फसतात.

बचाव करणाऱ्या जोडीदाराने इथे विचारावं: घोड्याने ई६ घेऊन काळ्या वजिरावर हल्ला केला तर? वजीर एच४ वर जातो, एच२ वर मातेची धमकी. पांढरा एच३, तर वजीर जी३ वर. आता एच२ ची मात थांबवायला जी४ चा घोडा मारला, तर वजीर एच४ वर येऊन मात.

२० ते २३: बांधलेलं प्यादं

घोडा जी६ वर येतो, वजीर एफ६ वरून त्याच्यावर. पांढरा एच३ खेळून जी४ च्या घोड्याला मागे हटायला सांगतो. काळा तिकडे लक्ष न देता जी६ चा घोडा मारतो. जी४ चा घोडा आता मारावा का? एच×जी४, वजीर एच६, मात. एच पट्टी उघडली, जी१ उंटाच्या माऱ्यात, मध्ये घालायला कुणी नाही. सी१ चा उंट एच६ पर्यंत पोचला असता, पण एफ४ चं प्यादं आडवं. चौदाव्या चालीचं तेच प्यादं!

पांढरा वजीर ई२, काळा वजीर एच५. धमकी शोधा. वजीर एच३ चं प्यादं घेतो आणि मात: जी२ चं प्यादं त्याला मारू शकत नाही, कारण बांधलेलं आहे. नुसता पट बघणाऱ्याला एच३ भक्कम दिसतं. मध्ये अडसर म्हणून वजीर एफ३ वर ठेवला तर बी७ चा उंट वजीरच घेऊन जातो. म्हणून पांढरा वजीर डी३ वर येतो, तिसऱ्या ओळीतून एच३ राखतो आणि डी४ च्या उंटावरही मारा करतो.

शेवटची चाल: उंट ई३. डी३ आणि एच३ च्या मधोमध हा उंट पांढऱ्या वजिराची नजर तोडतो, आणि ई३ वरूनही जी१ त्याच्या माऱ्यात राहतं. वजिराने उंट मारला तर घोडा वजीर घेतो. सी१ च्या उंटाने मारला तर वजीर एच३ घेऊन शह, राजा जी१, वजीर एच२ मात. आरोनियनने इथे डाव सोडला.

आता गुण मोजा

शेवटच्या पटावर दोघांची पाच-पाच प्यादी आहेत. पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, उंट, घोडा. काळ्याकडे वजीर, एक हत्ती, दोन उंट, घोडा. म्हणजे एवढ्या गदारोळानंतर काळा फक्त हत्ती विरुद्ध उंट, दोन गुणांनी मागे आहे. पण पांढऱ्याचा ए१ चा हत्ती आणि सी१ चा उंट अख्ख्या डावात एकदाही हलले नाहीत. राजाच्या आसपास काळ्याचे चार मोहरे लढतायत, वजीर, घोडा आणि दोन उंट. बचावाला पांढऱ्याचा वजीर आणि एफ१ चा हत्ती. गुण पूर्ण पटाचे मोजले तर पांढरा पुढे, भांडण चाललंय त्या कोपऱ्याचे मोजले तर काळा कितीतरी पुढे. त्याग खरा की नुसता धाडसी, हे ठरवताना हाच दुसरा हिशोब करायचा.

इंजिन आता चालू करा, पण ठरवून. स्वतः लिहिलेल्या दोन किंवा तीन चालीच त्याला विचारा: ‘सोळाव्या चालीला मी हे खेळलो असतो, काय झालं असतं?’ पट्टीवरचा आकडा वहीत लिहू नका. त्याने दाखवलेल्या पहिल्या तीन चाली लिहा आणि पटावर खेळून कारण शोधा. आकडा कारण सांगत नाही.

सोसायटीत किंवा क्लबात घेताना

घोडबंदर रोडच्या संकुलांत किंवा नेरूळ, वाशी, खारघरच्या सोसायट्यांत रविवारी सकाळी मुलांना हा डाव दाखवायचा असेल तर आठ ते दहा जण पुरे, दोघांत एक पट. बाराव्या चालीनंतरची स्थिती कागदावर छापून आधीच लावून ठेवा, नाहीतर पहिली वीस मिनिटं मोहरे मांडण्यात जातात. मोठा पडदा आणि प्रोजेक्टर असला तरी चाल तिथे दाखवण्याआधी प्रत्येक जोडीचं उत्तर चिठ्ठीवर घ्या. ओरडून सांगू देऊ नका. एका हुशार मुलाचं उत्तर कानावर पडलं की बाकीच्यांचं डोकं बंद होतं. वेळेची वाटणी साधारण अशी ठेवा: तेराव्या चालीला पंधरा मिनिटं, सोळाव्याला तीस, एकोणिसाव्याला दहा, शेवटच्या तीन चालींना वीस. चौदा-पंधरा बोलता बोलता उरकतात. दहा वर्षांखालच्या मुलांना सोळावी चाल शोधायला लावू नका, त्यांना १७. एफ×ई५ नंतरची स्थिती द्या आणि जास्तीत जास्त चार चालींत मात शोधा म्हणा. ती सापडल्यावर मागे जाऊन घोडा ई५ वर का आला ते सांगितलं की लगेच कळतं.

मैदानात किंवा ठाण्याच्या तलावपाळीसारख्या उघड्या जागी हा कार्यक्रम ठेवू नये. वाऱ्याने कागद उडतात हे एक, आणि बघे जमले की कुणीतरी उत्तर सांगतोच.

पुढचा डाव

आठवड्याभराने याच सांगाड्याचा जुना डाव घ्या: रॉटलेवी विरुद्ध अकिबा रुबिन्स्टाइन, आजच्या पोलंडमधलं लोड्झ, १९०७. आनंदच्या डावानंतर जगभर याच डावाची आठवण निघाली, आणि पट लावल्यावर का ते दिसेल. बाविसाव्या चालीतली स्थिती अशी, चाल काळ्याची. पांढरा: राजा एच१, वजीर ई२, हत्ती ए१ आणि एफ१, उंट बी२ आणि ई४, घोडा सी३, प्यादी ए३, बी४, ई५, एफ४, जी३, एच२. काळा: राजा जी८, वजीर एच४, हत्ती सी८ आणि डी८, उंट बी६ आणि बी७, घोडा जी४, प्यादी ए६, बी५, ई६, एफ७, जी७, एच७.

जी३ चं प्यादं काळ्या वजिरावर आहे. वजीर हलवायचा नाही, एवढीच सूचना. चार प्रश्न क्रमाने विचारा आणि तिसऱ्या प्रश्नाला पांढऱ्याचा कोणता रक्षक दोन कामं एकटा करतोय ते शोधा. उत्तराच्या चाली अशा, आधी पुठ्ठा लावून: २२… ह×सी३ २३. जी×एच४ ह-डी२ २४. व×डी२ उं×ई४ शह २५. व-जी२ ह-एच३, आणि पांढऱ्याने डाव सोडला.